गाडीचा रिपोर्ट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मे महिन्यात जळगावला जाऊन आलो, भरीत-भाकरी खाऊन झाली, उन्हाने भाजून निघालो, आणि परत आल्यावर नेहमीच्या धावपळीत लिहिणं राहून गेलं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. घरातल्या निम्म्या लोकांना ती तोंडपाठ आहे, त्यामुळे त्यांनी मधला भाग गाळून वाचला तरी चालेल. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

तर झालं असं, की मी जळगावात पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून मामांचा फोन. "भाचा, मनी गाडी गई रे! आते काय करू, सांग माले." मामा एरवी माझ्याशी बरं शुद्ध बोलतात, अहिराणीवर आले की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मामांची गाडी म्हणजे २०१४ सालची पेट्रोल सेडान, ऑटोमॅटिक गिअरची. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी ही दुसऱ्या हाताची घेतली, क्लच दाबायचा त्रास नको म्हणून. मामींचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलच्या फेऱ्या असतात. म्हणजे ही गाडी म्हणजे काही हौस नाही. तिचं काय झालं होतं? सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, गिअर 'डी'त असताना ब्रेकवर पाय ठेवला की गचके द्यायची, आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिलेला. मामांनी ती एका मोठ्या, काचेच्या दरवाजांच्या वर्कशॉपात नेली. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये यंत्र खुपसलं, टॅबवर बघितलं, आणि कागद छापून हातात दिला. तीन कोड. पी०१७१, पी०३०२ आणि पी०७००. निदान: गिअरबॉक्स खराब, पूर्ण खोलावा लागेल. अंदाजे खर्च १ लाख ३५ हजार. गाडी विकायला काढली असती तर तेवढे जेमतेम दुप्पट आले असते.

"कॉम्प्युटरनेच सांगितलंय रे," मामा म्हणाले. ह्या एका वाक्यासाठी मी आज लिहितोय.

कॉम्प्युटरने ते सांगितलंच नव्हतं. मामांनी फोनवर पाठवलेला कागद मी वाचला. पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, मिसफायर. आणि पी०७०० म्हणजे? तो गिअरबॉक्सचा आजार नव्हेच. तो नुसता निरोप आहे. गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर असतो, तो इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो की माझ्याकडे काहीतरी नोंद झालीय, दिवा लाव. ती नोंद काय आहे ते त्याच्याकडेच जाऊन विचारावं लागतं. ते कोणी विचारलंच नव्हतं. दाराची बेल वाजली म्हणून घर पाडायला काढलं, त्यातला प्रकार.

आपल्याकडे रक्ताचा रिपोर्ट घरी आला की आधी सगळे मिळून वाचतात, ठळक अक्षरातला आकडा शोधतात आणि डॉक्टरकडे जाण्याआधीच रोग ठरवून मोकळे होतात. गाडीच्या कोडचं तसंच आहे. कोडमध्ये ताप लिहिलेला असतो, मलेरिया नाही. 'ऑक्सिजन सेन्सर' हे शब्द असलेला कोड दिसला की सेन्सर बदलायचा, 'कॅटॅलिस्ट' दिसलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा, असा सरळ हिशोब कितीतरी ठिकाणी चालतो. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो, आणि खरं बोलल्याबद्दल त्यालाच काढून फेकतात.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने धुळ्याला गेलो. मामांच्या ओळखीचे एक मिस्तरी पारोळा रोडला आहेत, साठीच्या पुढचे. पत्र्याची शेड, समोर निंबाचं झाड, एका खुर्चीची पाठ मोडलेली. अँबॅसेडर आणि जीपच्या काळापासून हात काळे केलेला माणूस. मला वाटलं होतं, हे स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरतील आणि डोळे मिटून काहीतरी सांगतील. (लहानपणी मी हे बघितलंय, आणि मला तो चमत्कार वाटायचा.) त्यांनी कानही लावला, नाही असं नाही. पण मग आत जाऊन त्यांनी एक जाडजूड स्कॅनर आणला. चार वर्षांपूर्वी घेतलेला, दरवर्षी सॉफ्टवेअरच्या अपडेटचे पैसे वेगळे भरावे लागतात म्हणे. इंग्रजी वाचायला त्यांचा पुतण्या, आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झालेला. आकडे वाचायला ते स्वतः.

कोड त्यांनी बघितले आणि बाजूला ठेवले. पुसले नाहीत, हे मुद्दाम लिहितो. आपल्याकडे 'कोड उडवून देतो' हा एक धंदाच झालाय. दिवा जातो, गिऱ्हाईक खूश, शंभर-दोनशे रुपये हातात. पण कोडसोबत गाडीने त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते, फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला: दिवा लागला तेव्हा इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलं होतं, वेग काय होता, लोड किती होता. कोड उडवला की हा पुरावाही जातो. मामांच्या गाडीची नोंद सांगत होती: फेऱ्या ७२०, वेग शून्य. म्हणजे गाडी उभी असताना.

मिस्तरींनी मामांना पहिला प्रश्न विचारला तो यंत्राबद्दल नव्हताच. "लळिंग घाट चढताना काय करते?"

"घाटात काही नाही," मामा म्हणाले. "घाटात मस्त चढते."

"मग गिअरबॉक्स कशाला मरंल? मरायचा तर घाटात मरंल ना."

मग त्यांनी लाइव्ह डेटा उघडला. मंडळी, खरी गंमत इथे आहे, आणि वर्कशॉपातल्या त्या मुलाने हे पानच उघडलं नव्हतं. कोड म्हणजे जुनी बातमी. लाइव्ह डेटा म्हणजे गाडी आत्ता काय बोलतेय ते. इंजिनच्या फेऱ्या, कूलंटचं तापमान, आत येणारी हवा, बॅटरीचे व्होल्ट, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट, असे पाच-पन्नास आकडे एकाखाली एक नाचत असतात. नवख्या माणसाला घेरी येईल. मिस्तरींनी त्यातले फक्त चार ठेवले, बाकी काढून टाकले. त्या चारात दोन होते ते फ्युएल ट्रिमचे, एक शॉर्ट टर्म, एक लाँग टर्म.

हे ट्रिम म्हणजे काय ते मी आधी वाचलेलं होतं, पण समजलं त्या दिवशी. मिस्तरी म्हणाले, "हे उधारीचं खातं आहे." कॉम्प्युटरला माहीत असतं की एवढी हवा आली तर एवढं पेट्रोल द्यायचं. मग तो सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरला विचारतो, बरोबर जमलं का? सेन्सर म्हणाला, हवा उरली, तर तो थोडं पेट्रोल वाढवतो. ही रोजची, क्षणाक्षणाची किरकोळ देवघेव म्हणजे शॉर्ट टर्म. तीच ती उधारी रोज व्हायला लागली की तो वहीत कायमची लिहून ठेवतो, ते लाँग टर्म. शून्याच्या आसपास असेल तर हिशोब चोख. अधिक-उणे दहापर्यंत चालतं. त्यापुढे गेलं तर कुठेतरी गळती आहे.

मामांची गाडी उभी असताना लाँग टर्म अधिक १७, शॉर्ट टर्म अधिक ८. एकूण २५ टक्के जास्त पेट्रोल ओतूनही भागत नव्हतं. "पूर्ण उधारीवर चाललीय," मिस्तरी म्हणाले. मग पुतण्याने ॲक्सिलरेटर दाबून फेऱ्या अडीच हजारांवर धरल्या. आकडे उतरत उतरत अधिक ५ वर आले.

ह्याचा अर्थ बघा. पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर जास्त फेऱ्यांवर, जास्त मागणी असताना उधारी वाढली असती. इथे उलट. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. इंजिन मंद चालत असताना एकूण हवाच थोडी, त्यात ही चोरून आलेली हवा मोठा वाटा खाते. फेऱ्या वाढल्या की मोजून येणारी हवा खूप, त्यात चोरटी हवा बुडून जाते. (गाडीत हवेचं वजन मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल तरच हे असं दिसतं. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तिथे चोरटी हवासुद्धा दाबात मोजली जाते, ट्रिम फारसा हलत नाही, नुसत्या फेऱ्या वाढतात. म्हणजे एका गाडीचा नियम दुसरीला लावायचा नाही. हेही मला त्याच खुर्चीवर बसून कळलं.)

आणि तो अधिक ५? मी विचारलं, तेही जास्त नाही का? मिस्तरी हसले, "ते इथेनॉलचं." बरोबर आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. मिश्रणात इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. दहा टक्क्यांचं मिश्रण देशभर २०२२ मध्ये झालं, वीस टक्के २०२५ मध्ये. दहा टक्क्यांच्या हिशोबाने बसवलेल्या गाडीत वीस टक्क्यांचं पेट्रोल पडलं की वहीत तीन-चार टक्के उधारी आपोआप दिसणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं, की जुन्या घडणीच्या, दहा टक्क्यांवर बसवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ह्याने सहा-सात टक्के घटेल. तेव्हा मामांच्या "गाडी पेट्रोल पिते" ह्या कुरकुरीतली थोडी गाडीची आणि थोडी पंपावरची.

गळती शोधायची रीत मला सगळ्यात आवडली. इस्त्रीवाल्याकडे असते तशी पाण्याची फवारणीची बाटली. इंजिन चालू ठेवून मिस्तरी इनटेक मॅनिफोल्डच्या जोडांवर एकेक फवारा मारत गेले, नजर स्क्रीनवर. पहिला सिलिंडर, काही नाही. दुसऱ्याजवळ फवारा मारला आणि इंजिनचा आवाज क्षणभर सरळ झाला, स्क्रीनवर शॉर्ट टर्म अधिक ८ वरून झपकन खाली आला. पाण्याने भोक घटकाभर बुजलं होतं. पुन्हा मारला, पुन्हा तसंच. दुसऱ्या सिलिंडरजवळ गॅस्केट कडक होऊन तडकलं होतं. म्हणून तर मिसफायर दोन नंबरला! कागदावरचे दोन कोड आता एकाच भोकातून आलेले दिसत होते.

राहिला पी०७००. पुतण्याने मेनूत जाऊन इंजिन सोडून गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर उघडला. तिथे एकच नोंद, इंजिनकडून येणारी टॉर्कची माहिती भरवशाची नाही, अशा अर्थाची. गिअरबॉक्स स्वतःबद्दल तक्रार करत नव्हताच. तो शेजाऱ्याबद्दल सांगत होता.

तरी मिस्तरी म्हणाले, बघून घेऊ, मनात शंका नको. मॅनिफोल्ड उघडून गॅस्केट बदललं, दुपार झाली. मग आम्ही तिघं गाडी घेऊन लळिंगच्या दिशेला निघालो. मी मागे स्कॅनर मांडीवर घेऊन. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समजा. एक फिरतो, त्याने ढकललेल्या तेलाने दुसरा फिरतो. त्यात थोडी घसर असतेच. पण सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात आतला क्लच दोन्ही पंखे एकमेकांना बांधून टाकतो, मग घसर उरत नाही. बघायचे आकडे दोन, इंजिनच्या फेऱ्या आणि टर्बाइनच्या फेऱ्या. ताशी ८० ला इंजिन १,८४० आणि टर्बाइन १,८३०. पाच मिनिटं बघत राहिलो, फरक दहा-पंधराच्या पुढे गेला नाही. हाच फरक दोनशे-तीनशे असता आणि वर-खाली उड्या मारत असता, तर तो १ लाख ३५ हजारांचा कागद खरा ठरला असता. घाट चढायला लागल्यावर बांधलेले पंखे सुटले, फरक वाढला. मी जरा दचकलो. मिस्तरी मागे न बघताच म्हणाले, "चढाला सुटणारच." गिअरच्या तेलाचं तापमान ८६ वरून ९७ झालं, उतरताना परत खाली आलं. खणखणीत गिअरबॉक्स.

एकूण खर्च २,२०० रुपये. गॅस्केट, मजुरी, आणि तपासणीचे पाचशे धरून. मामांनी पाचशेवर थोडी घासाघीस करायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र मी त्यांना थांबवलं. मामा, तुम्ही हे वाचत असाल तर रागवू नका, पण ते पाचशेच खरे कमावलेले होते. आपण पार्टचे पैसे मुकाट्याने देतो आणि डोकं वापरल्याचे द्यायला कुरकुरतो. मग वर्कशॉपं डोकं कशाला वापरतील? पार्टच विकतील. त्या काचेच्या दरवाजाआडच्या मुलाला मी लबाड म्हणत नाही. त्याला बहुतेक यंत्र कसं जोडायचं आणि कोडची यादी कशी छापायची एवढंच शिकवलेलं असणार. आकडा बदलतो का बघायला गाडी उभी ठेवून आणि पळवून बघावी लागते, त्याला तास-दीड तास जातो, आणि तेवढ्यात तिकडे तीन सर्व्हिसिंग होतात.

आता माझं मत. "जुने मिस्तरीच खरे, ही यंत्रं म्हणजे लुटायचे धंदे," असं मामा गावभर सांगत सुटलेत, ते मला मान्य नाही. यंत्र नसतं तर त्या शेडमध्येही अंदाजच झाला असता, प्लग बदला, कॉइल बदला, बघू. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर नुसत्या कानावर काम होणारच नाही. डिझेलच्या गाडीतला काजळीचा फिल्टर किती भरलाय, हे कुठल्या कानाला ऐकू येईल? प्रश्न यंत्र की माणूस असा नाहीच. ज्याला गाडी कळते त्याच्या हातात यंत्र नाही, आणि ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला गाडी शिकवलेली नाही, हा आहे.

आणि पहिला अर्धा भाग आपोआप झालेला नाही. इंजिनचे साधे आकडे कुठल्याही हजार रुपयांच्या ब्लूटूथ डबीत दिसतात, कारण ती भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी ठेवावी लागते. अमेरिकेत १९९६ पासून तसा नियमच आहे, आपल्याकडे तो टप्प्याटप्प्याने २०१० नंतर आला. पण गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग ह्यांच्या आतल्या नोंदी बऱ्याचशा प्रत्येक कंपनीच्या खासगी भाषेत. त्या वाचायला महागडा स्कॅनर, आणि तोही कंपनीने दिलं तेवढंच वाचणार. ह्यावर आपल्या देशात मोठा निकाल झालेला आहे, फार लोकांना माहीत नाही. शमशेर कटारिया ह्यांनी २०११ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे भाग आणि निदानाची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकना मिळू देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला आणि भाग, माहितीपुस्तकं, यंत्रं खुली करा असं सांगितलं. कंपन्या अर्थातच वर अपिलात आणि कोर्टात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. पारोळा रोडच्या शेडपर्यंत ह्यातलं काय पोचलं? मिस्तरींना विचारलं तर म्हणाले, "अपडेटचे पैसे दरवर्षी वाढतात, एवढं माहीत आहे."

मला वाटतं, ही लढाई पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे जास्त महत्त्वाची. तिथे एका वर्कशॉपचं पटलं नाही तर चार किलोमीटरवर दुसरं असतं. रावेर-यावलकडून केळी भरून निघालेल्या पिकअपवाल्याला रस्त्यात दिवा लागला तर त्याला जवळचा मिस्तरीच गाठावा लागतो, आणि माल त्याची वाट बघत नाही. आम्ही शेडमध्ये असतानाच एक असा आला होता. पंखा सारखा चालू, मीटरवर दिवा. पुतण्याने स्कॅनर लावला: कूलंटचं तापमान उणे ४०. धुळ्यात, मे महिन्यात! सगळे हसलो. पण त्या उणे ४० लाही अर्थ आहे. ह्या सेन्सरची तार तुटली की कॉम्प्युटरला ते अतोनात थंड वाटतं, आणि त्याची पट्टी उणे ४० पासूनच सुरू होते, म्हणून तोच आकडा दिसतो. तो गोंधळतो आणि खबरदारी म्हणून पंखा चालूच ठेवतो. उंदराने कुरतडलेली तार सापडायला दहा मिनिटं लागली. नवा सेन्सर लागलाच नाही.

घरच्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो, कारण नंतर सगळे फोन मलाच करतात. कोणी कोडचा कागद दाखवून मोठा खर्च सांगितला, तर भांडू नका, फक्त विचारा, "हा पार्ट खराब आहे हे कुठल्या रीडिंगवरून ठरवलं?" उत्तर देणारा माणूस असेल तर तो खूश होऊन दाखवेल. आणि जुनी गाडी घेताना स्कॅनर लावून 'कोड नाहीत' एवढ्यावर समाधान मानू नका. रेडीनेस मॉनिटर नावाचं पान बघा. कोड नुकतेच उडवले असतील तर गाडीच्या बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसतात, त्या पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालावी लागते. तायडे, तुझ्या मिस्टरांना हे आवर्जून दाखव, ते कार बघतायत म्हणून कळलं.

असो. मामांची गाडी आता हॉस्पिटलच्या फेऱ्या मुकाट्याने करते. मामांनी मात्र माझं ऐकून ती ब्लूटूथची डबी घेतली, ही माझी चूक झाली. रोज दुपारी मला फोनवर आकड्यांचे फोटो येतात. परवा आला: "इनटेक हवा ६१ दखाडस. काय करू?"

मी लिहिलं, "मामा, गाडी उन्हात उभी आहे. सावलीत लावा."